ग्रामीण पोस्टिंगला निघण्यापूर्वी : प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणाऱ्या इंटर्न डॉक्टरांसाठी

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीनुसार एमबीबीएसनंतरच्या बारा महिन्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे दिलेले आहेत, आणि त्यांतील मोठा भाग महाविद्यालयाशी जोडलेल्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत या काळाकडे पीजीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करण्याची सवलत म्हणूनच पाहिले जाते. अभ्यास करावा, त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गोष्टी मोठ्या रुग्णालयात शिकताच येत नाहीत त्या शिकण्याची ही बहुतेकांसाठी पहिली आणि पुष्कळांसाठी शेवटची संधी असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येणारा रुग्ण कोणीतरी आधी पाहिलेला, निवडलेला आणि पुढे पाठवलेला असतो. गावात मात्र तो कोणत्याही चाचणीशिवाय, निदानाची चिठ्ठी न घेता तुमच्यासमोर बसतो आणि त्याला इथेच बरे करायचे, पुढे पाठवायचे की दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचे, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. या पोस्टिंगमध्ये मुख्यतः शिकायचे आहे ते हे ठरवणे.

रचना आधी समजून घ्यावी. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येला आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. त्याखालील उपकेंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे ५,००० आणि ३,००० आहेत. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणजे एएनएम, आरोग्यसेवक आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, तर गावपातळीवर साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. केंद्राच्या वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. ही माहिती परीक्षेसाठी तुम्ही पाठ केलेलीच असते. पण पहिल्या दिवशी तिच्यातून काही व्यावहारिक प्रश्न काढून त्यांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका प्रत्यक्षात किती वेळात पोहोचते? सिझेरियन होऊ शकेल असे जवळचे ठिकाण कोणते, आणि तिथे भूलतज्ज्ञ रोज असतो की ठरावीक वारी? रक्त कुठे मिळते? व्हेंटिलेटर कुठे आहे? सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत? आपत्कालीन ट्रेच्या कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण रात्री दोन वाजता सर्वांत महत्त्वाचा तोच ठरतो. ही उत्तरे वैद्यकीय अधिकाऱ्यांइतकीच, किंबहुना अधिक नेमकेपणाने, जुन्या सिस्टर, औषध निर्माण अधिकारी आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्याकडून मिळतात.

बाह्यरुग्ण विभाग

ओपीडीची गर्दी आठवड्याच्या बाजारावर अवलंबून असते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे एकाच फेरीत बाजार आणि दवाखाना दोन्ही उरकायला येतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळीच रांग लागते आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की ती आपोआप ओसरते. ज्याला पुन्हा तपासायचे आहे त्याला ‘तीन दिवसांनी या’ असे सांगण्यापेक्षा पुढच्या बाजाराच्या दिवशी बोलावले, तर तो येण्याची शक्यता कितीतरी वाढते. मात्र आजार तेवढे दिवस थांबणारा आहे का, हे ठरवून मगच तसे सांगावे.

तक्रारी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत येत नाहीत. अंगात कसकस आहे, हातपाय गळून जातात, जीव घाबरा होतो, अंगावरून जाते, पोटात गोळा उठतो, डोके भणभणते, अशा शब्दांत रुग्ण बोलतो आणि त्या शब्दांमागे प्रत्येक वेळी वेगळा आजार असू शकतो. जीव घाबरा होतो म्हणणाऱ्या मध्यमवयीन स्त्रीला तीव्र रक्तक्षय असेल, थायरॉइडचा विकार असेल, हृदयविकार असेल किंवा घरात असे काही चालू असेल की जे ती सासूसमोर सांगू शकत नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाला काही कारणाने केसपेपर आणायला पाठवून रुग्णाशी दोन मिनिटे एकट्याने बोलण्याची सवय लावून घ्यावी. स्त्री रुग्ण असेल तर त्या वेळी सिस्टर खोलीत असावी. पापणी खाली ओढून, नखे आणि जीभ पाहून, श्वास मोजून आणि पोटाला हात लावून जे कळते ते इथे खरोखर उपयोगी पडते, कारण प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन, साखर, लघवी, मलेरिया, थुंकी आणि काही रॅपिड किट एवढ्याच तपासण्या सहज होतात.

‘सुई द्या’ आणि ‘सलाईन लावा’ या दोन मागण्या तुम्हाला रोज ऐकू येतील. खासगी दवाखान्यात प्रत्येक भेटीत सुई मिळत असल्याने गोळ्यांवर बोळवण केली की ती फुकट गेलेली फेरी वाटते. यावर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. रुग्णाला नीट तपासले, हात लावला, छाती ऐकली, आजाराचे नाव त्याला कळेल अशा शब्दांत सांगितले आणि कोणते लक्षण दिसल्यास त्याच दिवशी परत यायचे हे सांगितले, तर बहुतेक जण गोळ्या घेऊन समाधानाने जातात. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण हा दुसरा मोठा गट. त्यांतील अनेकांनी ‘बरे वाटले म्हणून’ औषध बंद केलेले असते, किंवा गोळ्या संपल्या तेव्हा नेमकी पेरणी चालू होती म्हणून ते आलेले नसतात. वाढलेला आकडा दिसला की लगेच दुसरे औषध जोडण्याआधी गेल्या महिन्यातील रिकामी पाकिटे दाखवायला सांगावीत.

ज्या आपत्तींसाठी तयार राहायचे

पावसाळ्यात पोस्टिंग असेल तर सर्पदंशाची तयारी जाण्यापूर्वीच करावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच संयुक्त (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष वापरले जाते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठणे बिघडते, आणि ते ओळखण्यासाठी वीस मिनिटांची चाचणी कोणत्याही केंद्रात करता येते : शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवायचे, वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही आणि मग तिरपी करून रक्त गोठले आहे का ते पाहायचे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निष्कर्ष चुकतो. मण्यारचा दंश वेगळाच फसवा असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो, वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, खूणही अनेकदा सापडत नाही, आणि पहाटे तो पोटदुखी किंवा घसादुखीची तक्रार घेऊन येतो. अशा रुग्णाच्या पापण्या जड होत असतील तर पोटदुखीचे औषध देऊन घरी पाठवणे जीवघेणे ठरू शकते. विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवातीला साधारण दहा कुप्या शिरेवाटे दिल्या जातात, मुलांनाही मात्रा तेवढीच असते, आधी त्वचेवर चाचणी करायची नसते आणि प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी आलीच तर म्हणून ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला तयार ठेवायचे असते. हे सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते; तुमचे काम म्हणजे वेळ नोंदवणे, श्वास आणि पापण्या वारंवार पाहणे, करकचून बांधलेली दोरी दिसली तर ती एकदम न सोडता वरिष्ठांना दाखवणे आणि नातेवाइकांना शांत ठेवणे.

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातच घडलेला आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि नंतर फुप्फुसात पाणी होऊन माणसे दगावत. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या केंद्रात १९७० च्या दशकात काम करू लागलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या रुग्णांच्या शेजारी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्रात संशोधनासारखे काय असणार, असा प्रश्न पडणाऱ्या इंटर्नने हे लक्षात ठेवावे की बावसकरांची मुख्य साधने रक्तदाबाचे यंत्र, ईसीजी आणि वही ही होती.

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांची विषबाधा येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले होते. याशिवाय जाणूनबुजून घेतलेल्या औषधाचे रुग्ण असतात. दोन्ही प्रसंगी पहिले काम कपडे काढून अंग साबणाने धुणे आणि नातेवाइकांना डबा किंवा बाटली आणायला पाठवणे हे आहे, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाला ॲट्रोपिन लागते, तर पॅराक्वाटसारख्या तणनाशकात त्याचा उपयोग नसतो आणि गरज नसताना दिलेला प्राणवायूही अपाय करतो. ॲट्रोपिनची मात्रा डोळ्याच्या बाहुलीकडे पाहून ठरवायची नाही. छातीतील घरघर थांबली का आणि नाडी वाढली का, हे पाहायचे. बेशुद्ध माणसाच्या पोटात नळी घालण्याची घाई करू नये, नातेवाईक कितीही आग्रह करोत. जाणूनबुजून विष घेतलेल्या रुग्णाशी बोलताना आवाजात आरोप येऊ देऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरतो.

कुत्रा चावल्यावर जखमेवर चुना, हळद किंवा तिखट लावून येणारे रुग्ण आजही दिसतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा उपचाराचा भाग आहे आणि ते काम नळाशी उभे राहून स्वतः करून घ्यावे. त्वचेतून द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) भरावे लागते आणि ते केंद्रात नसेल तर रुग्णाला कुठे पाठवायचे याचे उत्तर तुमच्या वहीत आधीच असले पाहिजे.

या प्रत्येक प्रसंगात पुढे पाठवण्याचा निर्णय होतो तेव्हा खरी परीक्षा संदर्भचिठ्ठीची असते. काय झाले, किती वाजता, काय दिले, किती दिले आणि शेवटची नाडी, रक्तदाब व श्वास किती होता, एवढे वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, समोरच्या रुग्णालयाला फोन करून रुग्ण निघाला आहे असे कळवावे आणि शक्य असेल तेव्हा रुग्णवाहिकेत सोबत जावे. रस्त्यावरच्या त्या तासाभरात काय होते हे एकदा पाहिले की पुढे आयुष्यभर, मोठ्या रुग्णालयात बसून, ‘इतक्या उशिरा का पाठवला?’ असे विचारण्याआधी माणूस थांबतो.

प्रसूतिगृह

बाळंतपणे कमी असली तरी प्रत्येक वेळी शिकण्यासारखे पुष्कळ असते, कारण इथे तुमच्या पुढे दहा जण उभे नसतात. सिस्टर जसे सांगेल तसे करावे. तिने केलेल्या प्रसूतींची संख्या तुमच्या सगळ्या तुकडीने मिळून पाहिलेल्या प्रसूतींपेक्षा जास्त असते. पार्टोग्राम, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, हा प्रसूतीनंतर बसून भरायचा कागद नव्हे, तो कळा चालू असताना भरायचा असतो, आणि त्यातील रेषा धोक्याच्या बाजूला सरकू लागली की गाडी बोलवायची असते. बाळ जन्मल्यावर पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटात १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यायचे. झटके आलेल्या गरोदर मातेला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, इथेच दिली जाते. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली माता कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा दिसणे हे गावपातळीवरच्या व्यवस्थेचे अपयश असते. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणारी तपासणी, जिचा अनेक इंटर्नना कंटाळा येतो, ती मन लावून करावी.

गावात

केंद्राच्या भिंतीबाहेर गेल्याशिवाय कुटुंब कळत नाही. आशाताईंबरोबर नवजात बाळाच्या गृहभेटीला जाण्याची परवानगी मागून घ्यावी. या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात, आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीही. त्यांचे मूळ गडचिरोलीत आहे : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेता येते आणि मृत्यू लक्षणीयरीत्या घटतात, हे दाखवले व ते निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याही आधी, १९७० पासून, जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले होते. आशाताई वजनकाटा अडकवून बाळाचे वजन करते, तापमान घेते, आई दूध कसे पाजते ते पाहते आणि बोलता बोलता घरात दारू किती चालते तेही जाणून घेते. अशा भेटीत इंटर्नने कमी बोलावे. घरातील चूल कुठे आहे, पाणी कुठून येते, घरात निर्णय कोण घेते, औषधाच्या पुड्या कुठे ठेवल्या आहेत, हे पाहिल्यावर ओपीडीत दिलेला सल्ला त्या घरात पाळता येण्याजोगा आहे का, हे आपोआप उमगते.

लसीकरणाच्या दिवशी केवळ सुया टोचण्यासाठी जाऊ नये. आईसलाइन्ड रेफ्रिजरेटरचे तापमान दोन ते आठ अंशांत आहे का, कुपीला उष्णता लागली का हे दाखवणाऱ्या खुणेचा रंग कसा आहे, उघडलेली गोवर-रुबेलाची कुपी चार तासांनी टाकून का द्यावी लागते आणि पेंटाव्हॅलंटची कुपी अटी पाळल्यास चार आठवड्यांपर्यंत का चालते, हे सेविकेकडून समजून घ्यावे. आरोग्यसेवकाबरोबर पाण्याचे नमुने घ्यायला आणि पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरीचा साठा पाहायलाही एकदा जावे. पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पुस्तकात सर्वांत रुक्ष वाटलेले प्रकरण जुलाबाची साथ आली की सर्वांत उपयोगी ठरते.

पोस्टिंग बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड पट्ट्यात असेल तर दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. मधल्या काळात मुलांचे लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या आणि क्षयाचे उपचार हे सारे तुटते. अशा रुग्णाला ‘महिन्याने या’ म्हणण्याऐवजी तो कोणत्या कारखान्याच्या फडावर जाणार आहे हे विचारून त्याच्या हाती कार्ड आणि औषधे द्यावी लागतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी बोलणारे रुग्ण भेटतील. तिथे दुभाष्या म्हणून घरच्या लहान मुलाला उभे करू नये. आशा किंवा परिचर यांची मदत घ्यावी. भगत, भूमका किंवा वैदू यांच्याकडे जाऊन आलेल्या माणसाला हिणवले तर पुढच्या वेळी तो तुमच्यापासून ती गोष्ट लपवतो, आणि बाळाच्या पोटावर दिलेल्या डागण्या कपड्याखाली दडून राहतात. गोड बोलून विचारले तर बहुतेक जण खरे सांगतात.

मर्यादा

इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते. आजारपणाचे प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला किंवा मेडिकोलीगल कागद यांवर त्याने स्वतःच्या नावाने सही करायची नसते, मग सरपंच समोर बसलेले असोत की महाविद्यालयातला जुना मित्र. आग्रह झाला तर ‘हा अधिकार मला नाही, साहेब आल्यावर विचारू’ एवढेच सांगावे. अठरा वर्षांखालील गरोदर मुलगी आली, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत होते, पण तिला पाहणारे पहिले तुम्हीच असाल तर ही बाब त्यांच्यापासून दडपता येत नाही, आणि तिला धीर देण्याची जबाबदारीही तेवढीच तुमची असते. गावात सर्व जण एकमेकांना ओळखतात, त्यामुळे कोणाचा एचआयव्हीचा अहवाल काय आला, कोणाची पाळी चुकली, कोणाला क्षय झाला, हे चहाच्या टपरीवर तर नाहीच, पण केंद्राच्या आवारातही मोठ्याने बोलू नये. रुग्णाचे छायाचित्र मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे ही याच नियमाची पायमल्ली आहे.

राहण्याविषयी थोडक्यात : निवासस्थान मिळेलच असे नाही, मिळाले तर वीज आणि पाणी यांची खात्री नसते. टॉर्च, मच्छरदाणी, बंद बूट, स्वतःचा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर न्यावे. खाटेवरच झोपावे, कारण मण्यारविषयी वर सांगितलेच आहे. जेवणाची सोय बहुधा सिस्टर किंवा परिचर लावून देतात. त्याचे पैसे ठरवून, वेळेवर द्यावेत.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात लॉगबुकवर सह्या घेण्याची धावपळ होते, पण त्याआधी एक काम करावे. ज्यांना तुम्ही परत बोलावले आहे, ज्यांची थुंकी तपासणीला गेली आहे, ज्या गरोदर मातांचे हिमोग्लोबिन कमी आहे आणि ज्यांना पुढे पाठवले पण काय झाले ते कळले नाही, अशा सर्वांची नावे, गावे आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून ती यादी संबंधित उपकेंद्राच्या सेविकेशी समोरासमोर बसून वाचावी आणि एक प्रत नव्याने येणाऱ्या इंटर्नसाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे ठेवावी.